ईसीजी मशीनवर 'सीए' काही केल्या उमटेना

आमच्या ईसीजी मशीनला जुन्या मोबाइलसारखा अंकांचा कीपॅड आहे. पेशंटच्या आयडीत 'सीए' टाकायचं होतं. दोन्ही अक्षरं २ च्याच बटणावर! 'सी'साठी तीनदा दाबून लगेच 'ए'साठी दाबलं की मशीन ते एकच अक्षर धरून थेट २ दाखवायचं. उपाय साधा निघाला: 'सी' आल्यावर उजवीकडचा बाण दाबायचा, कर्सर पुढे सरकला की मग 'ए'. बाण नसेल तर कर्सर आपोआप सरकेपर्यंत क्षणभर थांबायचं. घाईच्या वेळी तो क्षणही जीवावर येतो म्हणा. ७ आणि ९ वर चार-चार अक्षरं, त्यामुळे अंक पाचव्या दाबाला येतो. त्यापेक्षा अंकांचा मोड लावलेला बरा. 'ओ' आणि शून्य मात्र पडद्यावर सारखेच दिसतात, म्हणून सेव्ह करण्याआधी मनगटावरच्या पट्टीशी आयडी ताडून घेते.