भोक बुजवायची घाई नको: घरातल्या डसणाऱ्या-चावणाऱ्या कीटकांबाबत या चुका टाळा

भिंतीच्या फटीतून गांधीलमाश्या ये-जा करताना दिसल्या की बहुतेकांचा हात आधी सिमेंटकडे जातो. सिमेंट नसेल तर सिलिकॉन, फोम, तेही नसेल तर ओल्या कागदाचा बोळा. सगळ्या चुकांत हीच सर्वांत महागात पडते.

होतं असं. भोक भर दुपारी बुजवलं जातं. त्या वेळी पुष्कळ माश्या बाहेर गेलेल्या असतात. त्या परत येतात, वाट सापडत नाही, मग तासन्‌तास तिथेच घिरट्या घालतात आणि जवळून जाणाऱ्याला डसतात. आत कोंडलेल्या माश्याही गुदमरून मरत नाहीत. त्यांचं पोळं कागदाचं असतं आणि तो कागद त्या स्वतःच लाकूड कुरतडून, चावून, लगदा करून बनवतात. असे जबडे असलेल्या माशीला जिप्समचा पत्रा किंवा भुसभुशीत प्लास्टर म्हणजे काहीच नाही. स्विचबोर्डामागची फट, खिडकीच्या चौकटीची कड, छतातल्या दिव्याचं भोक, जिथून उजेडाची तिरीप येते तिकडे त्या सरकतात. दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी दिवा लावावा तर खोलीत दहा-वीस गांधीलमाश्या. जे पोळं भिंतीबाहेर तोंड करून होतं, त्याचं तोंड आता घरात उघडलेलं असतं. मग दारं-खिडक्या लावून फवारणी, आणि तो फवारा घरातली माणसंच श्वासातून घेतात.

म्हणून दोन दिवस नुसतं बघा. वाट अडणार नाही असे बाजूला, दहा-बारा फुटांवर उभे राहा आणि मिनिटाला किती आत जातात, किती बाहेर येतात ते मोजा. केसाळ अंग, मागच्या पायांवर परागाचे पिवळे गोळे असतील तर ती मधमाशी. गुळगुळीत अंग, चिमटीत धरल्यासारखी कंबर असेल तर गांधीलमाशी. भिंतीवर मातीचं इवलंसं मडकं किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, घरट्यासाठी भांडत नाही, सहसा डसतही नाही. तिच्या मागे लागू नका.

भिंतीतल्या गांधीलमाश्यांवर फवारा चालत नाही, भुकटी चालते. फवाऱ्याने दारातल्या चार माश्या मरतात आणि आतलं पोळं चिडतं. गांधीलमाश्यांसाठीच बनवलेली कीटकनाशक भुकटी मिळते. अंधार पडून ये-जा थांबली की ती हातपंपाने भोकाच्या आत सोडायची. भोक उघडंच ठेवायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या माश्यांच्या पायांना भुकटी लागून आतपर्यंत पोचते, सगळी मदार त्यावरच आहे. बॅटरी हातात धरू नका, माश्या उजेडावर झेपावतात. ती लांब बाजूला ठेवा आणि काचेवर लाल जिलेटिन लावा, लाल रंग त्यांना जवळपास दिसतच नाही. ये-जा बंद पडल्यावरही आठवडाभर लक्ष ठेवा, मगच भोक बुजवा. शिडीवर चढून यातलं काहीही करू नका. डंखापेक्षा पडण्याने होणारी इजा जास्त वाईट असते. पोळं उंचावर असेल किंवा घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर हे काम जाणकारांवर सोडा.

पेट्रोल किंवा रॉकेल ओतून पोळं पेटवणं हा उपाय नव्हे, ती घराला लावलेली आग आहे.

खरं काम सुरुवातीलाच करायचं असतं. पोळं आधी सुपारीएवढं असतं, पाच-दहा खाने आणि एकटी राणी. तेव्हा ती उडून गेलेली पाहून लांब काठीने ते खरवडून टाकलं की संपलं. त्यासाठी आठवड्यातून एकदा छज्जाखाली, मीटरच्या पेटीत, बंद खिडकीच्या मागे नजर टाकावी लागते. हे दोन मिनिटांचं काम कुणी करत नाही आणि पोळं पसरट बशीएवढं झालं की धावपळ सुरू होते.

मधमाश्यांचं गणित वेगळं. भिंतीतल्या मधमाश्या मारून भोक लिंपलं की आत मध आणि मेण तसंच राहतं. पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवणारं कुणी उरत नाही, मेण मऊ पडतं, मध झिरपतो, भिंतीवर तेलकट डाग येतो, मागोमाग मुंग्या आणि मेणाचे पतंग. म्हणून मधुपालाला बोलवा आणि पोळं बाहेर काढून घ्या. फांदीला नुसता माश्यांचा घोस लटकला असेल, पोळं नसेल, तर तो वाटेत विसावलेला थवा आहे. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत तो निघून जातो. आग्यामोहोळाला मात्र दगड, धूर, पाणी यांतलं काहीच नको. एक माशी डसली की त्या डंखाच्या वासाने बाकीच्या धावून येतात. तशी वेळ आलीच तर हात झटकू नका. तोंड झाका, बंद दाराच्या आत पळा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर थांबून राहतात.

पाणी ओतलं म्हणजे झालं नाही

दुसरी तितकीच जुनी चूक डासांची. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी ओततात, ताटली परत ठेवतात आणि आठवड्याने डास पुन्हा हजर. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. फुलदाणी उजेडात तिरकी धरा. पाणी जिथवर होतं तिथे काजळीचे कण बसल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसतात. पाणी ओतून ते जात नाहीत. कोरडे पडले तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. त्यामुळे ताठ ब्रशने कड घासायचीच, आणि आठवड्यातला एक वार ठरवून घासायची. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून पंधरा दिवसांनी केलेली साफसफाई वाया जाते. फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या नळीखालची बादली, टाकीचं सैल झाकण आणि ताडपत्रीच्या वळ्या कुणी तपासत नाही.

एडिस दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्री मच्छरदाणी लावून त्याचा बंदोबस्त होत नाही. बंद खोलीत कॉइल जाळू नका. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे मोजले गेले आहेत. 'ऐकू न येणाऱ्या आवाजाने' डास पळवणारी यंत्रं घेऊ नका, ती काम करत नाहीत. साधा पंखा करतो, कारण डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. सनस्क्रीन आधी, डास पळवणारं मलम नंतर.

ढेकूण: खोली बदलू नका

ढेकूण निघाले की माणूस दुसऱ्या खोलीत झोपायला जातो. ढेकूण उपाशी महिनोन्‌महिने राहतो, तुमच्या श्वासाच्या आणि ऊबेच्या मागावर सरकतो, आणि काही तर अंथरुणातूनच सोबत जातात. आधी एक खोली होती, आता दोन. कीटकनाशकाच्या धुराचे डबे फोडू नयेत. धूर फटीत शिरत नाही, ढेकूण मात्र आणखी आत शिरतात. पलंग भिंतीपासून दूर ओढा, सांधे उघडा, गादीची शिवण बोटाने उलटून बघा. काळे डाग म्हणजे त्यांची विष्ठा. कपडे-चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा किंवा गरम ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवा. गादीला चेनवाली बंद खोळ घाला आणि ती वर्षभर काढू नका. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, तेव्हा दोन आठवड्यांनी पुन्हा सगळं तपासा. एकदाच केलं आणि गेले, असं होत नाही.

पिसवांसाठी फक्त कुत्र्याला औषध लावून भागत नाही, अंडी आणि कोश गालिच्यात असतात, तिथे रोज व्हॅक्यूम हवा. कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराला कधीही लावू नका, त्याने मांजर दगावतं. गोचीड तेल ओतून किंवा चटका देऊन काढू नका. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरा आणि सरळ वर ओढा.

मधमाशी डसली की काटा कसा काढायचा यावर वाद घालत बसू नका. नखाने, कार्डाने, कशानेही, पण लगेच काढा. विषाची पिशवी काट्यालाच असते आणि ती तुटल्यावरही विष सोडत राहते. मग साबणाने धुवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. टूथपेस्ट लावू नका. डंखापासून लांब अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, दम लागला किंवा चक्कर आली तर गोळी देऊन वाट बघू नका. ॲड्रिनालिनचं पेन (तीव्र ॲलर्जीत टोचायचं तयार इंजेक्शन) असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. माणसाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसवा, पण उभं करून चालवू नका.