कीटकभक्षी वनस्पतींवर जिओकॅशिंग: या चुका टाळा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा (कॅश) जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून जीपीएसने शोधण्याचा खेळ. विषय कीटकभक्षी वनस्पतींचा असला की डबा खऱ्या झाडाशेजारीच लपवायचा, ही कल्पना सगळ्यांना आधी सुचते आणि तीच सगळ्यात महागात पडते. दवबिंदू, घटपर्णी, सीतेची आसवं या वनस्पती निकस, बहुतेकदा ओल्या जमिनीत वाढतात. मातीत नत्र कमी, म्हणून तर त्या किडे पकडतात. जीपीएस चार-पाच मीटर सहज चुकतो, म्हणजे शोधणारा तेवढ्या वर्तुळात चिखल तुडवत फिरणार. जमिनीसरशी पसरलेला छोटासा दवबिंदू त्याच्या बुटाखाली गेला तरी त्याला कळणारही नाही. वर झाडं चोरीला जाण्याची भीती आहेच. किडा शिरला की पानाचा सापळा मिटणारा व्हीनस फ्लायट्रॅप निसर्गात फक्त अमेरिकेच्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनात उगवतो, आणि तिथेही चोरटे त्याला सोडत नाहीत. अशा जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

उपाय सोपा आहे. वनस्पती कोड्यात ठेवा, डबा लांब टणक पायवाटेच्या कडेला. कोड्याच्या कॅशमध्ये, म्हणजे कोडं सोडवल्यावरच जागा कळते अशा डब्यात, जाहीर केलेल्या बिंदूपासून खरी जागा सुमारे ३.२ किलोमीटरपर्यंत चालते.

आता कोडं. ‘फ्लायट्रॅपच्या सापळ्यात संवेदी केस किती?’ असं विचारलंत की घोळ झालाच. सापळ्याच्या एका पाळीवर (मिटणाऱ्या दोन भागांपैकी एकावर) साधारण तीन, म्हणून कुणी ३ लिहील, कुणी ६. काही सापळ्यांत त्याहून जास्तही निघतात. त्यापेक्षा डार्विनच्या कीटकभक्षी वनस्पतींवरच्या पुस्तकाचं साल विचारा. १८७५, वादच नाही. चारही अंकांची बेरीज २१ येते हे सूचनेत दिलंत की शोधणाऱ्याला घरबसल्या पडताळता येतं.

एवढं करूनही ‘सापडला नाही’ अशा नोंदी येत असतील तर आधी अक्षांश-रेखांशांची मांडणी बघा. ३०.५०० मिनिटं म्हणजे ३० मिनिटं ३० सेकंद. कुणी ते ३० मिनिटं ५० सेकंद वाचलं तर अक्षांशात माणूस ६०० मीटरांहून जास्त भरकटतो. डब्याच्या जागेची नोंद घेताना दाट झाडीखाली एकदाच आकडा टिपू नका. वेगवेगळ्या दिवशी घेऊन सरासरी काढा.

घटपर्णीच्या आकाराचा हिरवा डबा दिसतो झकास, पण तोंड वर असल्याने पावसात लॉगबुकचा (शोधणारे नाव लिहितात त्या वहीचा) लगदा होतो. आत फिरकीच्या झाकणाची घट्ट बाटली ठेवा. आणि खऱ्या घटपर्णी असलेल्या बागेत असला डबा मुळीच नको, लोक प्रत्येक कलशात बोट घालून बघतील. सापळे मिटवून पाहण्याचा मोहही तसाच. फ्लायट्रॅपचा एक सापळा मोजक्याच वेळा मिटतो. रिकामा मिटला की झाडाची मेहनत फुकट.

बक्षीस म्हणून बिया किंवा रोपं ठेवू नका, परक्या जातीचं बी ओल्या जमिनीत पडलं तर निस्तरणं अवघड. बाकी नियम नेहमीचेच: जागेच्या मालकाची परवानगी, खड्डा खणायचा नाही, दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर.