पार्किन्सन्समध्ये गोळ्यांच्या जोडीला काय काय करता येतं

सगळ्यात आधी हे, सिंडोपा म्हणजे लेव्होडोपाची गोळी (पार्किन्सन्सचं मुख्य औषध) कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आमच्या बाबांना एका ठिकाणी सांगितलं की काढा चालू केलाय ना, मग गोळी सोडा, त्यांनी आम्हाला न सांगता सोडली आणि तिसऱ्या दिवशी कूस बदलता येईना. एकदम बंद केली तर अंग कडक होऊन ताप चढतो, जिवावरही बेतू शकतं.

खाजकुहिलीच्या बियांची पावडर, कवचबीज म्हणतात ती, सगळेच विचारतात. त्यात खरोखर लेव्होडोपा असतो, म्हणजे औषध तेच! म्हणूनच "नैसर्गिक आहे, घ्या चमचाभर" हे चालत नाही, गोळीवर पावडर घेतली की डोस वाढतो, मग हात-मान आपोआप वळवळतात, बीपी पडतं, भास होतात. घ्यायचीच तर डबा न्यूरोलॉजिस्टला दाखवून. आणि मुळापासून बरा करतो म्हणत पॅकेज सांगणाऱ्याकडे जाऊच नका, तसं औषध अजून कुणाकडेच नाही.

मला सगळ्यात जास्त विश्वास ताल आणि हालचालीवर आहे. बाबा स्वयंपाकघराच्या दारात अडकायचे, पाय फरशीला चिकटल्यासारखे. अशा वेळी हात धरून ओढायचं नाही, माणूस पडतो. आम्ही फरशीवर पावलापावलाच्या अंतराने पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या, पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. बाहेर पट्ट्या कुठून आणणार, तिथे मी हळू आवाजात "ग्यानबा तुकाराम" म्हणते आणि ते त्या ठेक्यावर चालतात. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या पेशंटसाठी डान्स क्लास सुरू केले ते याचसाठी, पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळही आहे, जमलं तर नक्की जा. योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) पण चांगलं, फक्त गोळीचा असर चालू असताना करा आणि शेजारी भिंत किंवा खुर्ची हवी.

तेलाच्या मालिशने आखडलेपणा थोडा वेळ सैल होतो, झोप लागते, तेवढीच अपेक्षा ठेवा.

एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा आणि वहीत गोळीची वेळ, जेवण, अडकणं लिहा. आम्हाला वहीमुळेच कळलं की दुधाबरोबर घेतलेली गोळी लागूच पडत नव्हती, प्रोटीन आडवं येतं. आता डॉक्टरांना विचारून जेवणाआधी अर्धा तास देतो.

आवाज बसत जातो त्यासाठी रोज मोठ्याने वाचन. बाबा सकाळी पेपरातली हेडिंगं वाचतात, मला ओट्यापाशी ऐकू आलं नाही की मी परत वाचायला लावते.