छताला चिकटलेल्या रोल केजचा वरचा वेल्ड: माझा अनुभव

वाळूजच्या शेडमध्ये जुन्या एस्टीम कारला रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा) बसवत होतो. मेन हूप, म्हणजे सीटमागची मुख्य कमान (४५ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाड, बिनजोड म्हणजे सीमलेस पाइप) छताला इतका चिकटलेला, की जोडांच्या वरच्या बाजूला वेल्डिंगचा टॉर्चच जाईना. आणि वेल्ड तर पाइपच्या पूर्ण घेरावर लागतो. आरसा धरून केला, नुसते गोळे पडले. छत कापायला मन धजेना. दोन रविवार पाण्यात गेले.

शेवटी केज खाली उतरवूनच जमलं. सगळे पाय ८० मिमी आखूड कापले. त्यांखाली ८० मिमी उंचीचे, ३ मिमी पत्र्याचे डबे नुसते ठेवले. पाइप जागेवर दणकट टॅक केले (ठिपक्यांसारखे तात्पुरते वेल्ड), केज तिरका नाही ना ते बघायला कर्ण मोजले. दरवाजाचे बार मुद्दाम बाकी ठेवले. मग डबे काढले. केज ८० मिमी खाली बसला, वर टॉर्चला जागा झाली. समोरासमोरचे जोड आलटून-पालटून वेल्ड केले म्हणजे हूप ओढला जात नाही. पूर्ण गार होऊ दिलं, पाणी अजिबात नाही. जॅकने उचलून डबे सरकवले, कर्ण पुन्हा मोजले. आधी डबे फ्लोअरला वेल्ड केले, मग पाय डब्यांना, शेवटी दरवाजाचे बार.

उन्हाळ्यात वेल्ड चालू असताना पंखा मात्र बंद ठेवा. वेल्डला हवेपासून वाचवणारा गॅस उडतो आणि जोडाला जाळी (बारीक छिद्रं) पडते.