खांदेरीच्या तटावर टेहळणी कशी करून पाहावी

मी अलिबागजवळच्या थळचा. इथली पोरं घेऊन समोरच्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्यात जातो, तेव्हा तोफांकडे वळण्याआधी त्यांना तटावर बसवतो आणि समुद्राकडे बघायला लावतो. अचानक हल्ला कसा साधतो आणि कसा फसतो, हे वाचून जेवढं कळतं त्याच्या कितीतरी पट इथे बसून कळतं.

पावसाळा सरून होड्या सुरू झाल्या की जा. दोघे तटावर, बाकीचे होडीत. निघण्याआधी दोन्हीकडची घड्याळं जुळवा. यात चालढकल केलीत तर पुढचं सगळं फुकट.

तटावरच्यांनी वहीत वेळा लिहायच्या. पाण्यावर काहीतरी आहे असं वाटलं, ती पहिली. होडीच आहे आणि आपल्याकडेच येतेय अशी खात्री पटली, ती दुसरी. आतली माणसं मोजता आली, ती तिसरी. होडी बेटाला लागली, ती चौथी. पहिली आणि दुसरी यांच्यात किती मिनिटं गेली ते नीट बघा. पहारेकरी फसतो तो तिथेच. त्याला दिसलेलं असतं, पण मासेमारीच्या होड्या दिवसभर येत-जात असतात. कोणाकोणासाठी गड जागा करणार? होडीवाला तयार असेल तर एक फेरी शेजारच्या उंदेरी बेटाच्या आडून आणायला सांगा. आकडे पार बदलतात.

उंचीचं गणितही करून ठेवा. डोळ्याच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. पाण्यापासून २५ मीटरवर उभं राहिलात तर साधारण १८ किलोमीटर. समोरच्या गलबताची डोलकाठी ९ मीटरची असेल, तर तिच्यामुळे आणखी जवळपास ११ किलोमीटर वाढतात. शीड उतरवून वल्ह्यांवर येणारी बुटकी होडी मात्र बरीच जवळ आल्याशिवाय डोळ्यांना सापडत नाही.

रात्रीचा सराव थळच्या किनाऱ्यावरूनच करा. अंधारी रात्र लपायला सगळ्यात चांगली, असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. थंडीत कधीकधी पाण्यात सूक्ष्म जीव इतके दाटतात की वल्हं पडलं तिथे निळा उजेड फुटतो, आणि होडीमागे चमकती रेघ उरते. चांदण्यात ती रेघ कोणाच्या लक्षातही आली नसती. अवसेच्या काळोखात डोळ्यांत भरते. चंद्र मावळतीला असला तर त्याच्या पाण्यावरल्या पट्ट्यात होडी शिरते कधी ते बघा, काळी आकृती लख्ख उठून दिसते. वाऱ्याचंही भान ठेवा. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याकडून बेटावर जाणाऱ्या होडीला तो ढकलतो खरा, पण तिच्यावरची कुजबुजही पुढे नेऊन पोचवतो.

आता १६७९ आठवा. महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून बेटाची वाट अडवली. मराठ्यांच्या लहान होड्या तरीही रात्री माणसं आणि सामान घेऊन आत शिरत राहिल्या. त्या अदृश्य नव्हत्या. पण जड गलबताला नांगर उचलायला वेळ लागतो, वारा लागतो, खोल पाणी लागतं; वल्ह्यांवरच्या उथळ होडीला यातलं काहीच नको. उलट सिद्दीच्या जंजिऱ्याला, मराठ्यांच्या १६७६ च्या मोहिमेत, कोळ्यांच्या लाय पाटलांनी रात्रीतून तटाला शिड्या लावल्या, आत कोणाला कुणकुण नाही. पण पेशवे मोरोपंतांची माणसं वेळेवर पोचली नाहीत आणि उजाडायच्या आत शिड्या काढाव्या लागल्या, असं सांगतात. मला ही हकीकत खांदेरीच्या विजयाइतकीच मोलाची वाटते.

म्हणून वहीतल्या दुसऱ्या आणि चौथ्या वेळेची वजाबाकी करा. तेवढ्या मिनिटांत झोपलेली माणसं उठवून, तोफेपर्यंत पळून, दारू भरून होईल का, ते तिथल्या तिथे धावून बघा. गडावर जागेवरून तोफेपर्यंत पळायलाच किती वेळ जातो, याचा अंदाज घरी बसून येत नाही.

मालवणला गेलात तर हेच उलट बाजूने करा. सिंधुदुर्गाचा दरवाजा बुरुजांच्या वळणात दडवलेला आहे. धक्क्यावरून होडी सुटली की घड्याळ लावा, आणि कोणाला न विचारता तो दरवाजा कधी सापडतो ती वेळ लिहा.