शेकायच्या पिशवीचंही वय बघा

मावशीची पिशवी फुटली तेव्हा ती भरून पाचच मिनिटं झाली होती. रात्रीचे साडेदहा, निफाडची थंडी. पोराने पाणी उकळून पिशवी भरली, मावशीने ती कमरेखाली सरकवली आणि कूस बदलली. पिशवी आडवी फाटली, मधोमध, पट्टी ठेवून कापावी तशी. मावसभावाने घाबरून मला नाशिकला फोन लावला. मी म्हटलं, आधी ड्रममधलं पाणी ओतायला लाग, फोन वहिनीकडे दे. वीस मिनिटं तो तांब्याने गार पाणी ओतत होता आणि मी पलीकडून वेळ मोजत होते. तरी मांडीवर आणि कुल्ल्यावर तळहाताएवढ्या दोन जखमा झाल्या. भरायला पाच आठवडे लागले.

मी ३४ वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली, त्यातली सात जळीत वॉर्डात. थंडी सुरू झाली की शेकायच्या पिशवीने भाजलेली दोन-चार माणसं यायचीच, आणि बहुतेक साठीच्या पुढची. पिशवी म्हणजे औषधासारखी निर्धोक वस्तू, असं घरोघरी धरून चालतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी मी ती फाटकी पिशवी हातात घेऊन पाहिली. मावशी म्हणत होती, "अगं, एक थेंब कधी गळला नाही तिच्यातून." खरंच गळला नसेल. पण होळी झाली की ती पिशवी दुमडून दिवाणात जायची, वर दोन गोधड्या आणि एक गादी, आणि निघायची थेट दिवाळीनंतर. अशी नऊ वर्षं. फाटली ती बरोबर त्या घडीवर. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवा, ऊन आणि उष्णता यांनी त्याची लवचीकता जाते आणि दुमडलेल्या जागी ते सगळ्यात आधी तडकतं. गळली की बदलू, असं म्हणणाऱ्यांना हेच सांगायचंय. पिशवी आधी गळून सूचना देईलच असं नाही, ती एकदम फाटू शकते.

म्हणून पिशवीचं वय बघायला शिका. बऱ्याच पिशव्यांवर, गळ्याजवळ किंवा पोटावर, रबरातच उठवलेलं एक छोटं फूल असतं. मी स्वतः इतकी वर्षं ते नक्षी समजत होते. ब्रिटिश मानकानुसार बनलेल्या पिशव्यांवर हे फूल असतं. मधल्या गोलात वर्षाचे शेवटचे दोन आकडे, भोवती बारा पाकळ्या म्हणजे बारा महिने, आणि पाकळीतले ठिपके म्हणजे आठवडे. शेवटचे ठिपके ज्या पाकळीत असतील त्या महिन्यात पिशवी तयार झाली. मध्ये २३ असेल तर २०२३ साल. ही तारीख बनवल्याची असते, विकत घेतल्याची नाही. दुकानात दीड वर्ष पडून असलेली पिशवी तुम्ही नवी म्हणून घरी आणू शकता. त्यामुळे घेतानाच फूल बघा, जुनी असेल तर दुसरी मागा. फूल नसेल तर घेतल्याचा महिना आणि साल कापडी खोळीच्या आतल्या बाजूला पेनाने लिहा. दोन वर्षं झाली की पिशवी बदलायची, दिसायला कितीही चांगली असली तरी.

दोन वर्षांच्या आतसुद्धा दर थंडीच्या सुरुवातीला ती खिडकीशी नेऊन, उजेडात तपासा. गळा दोन्ही बाजूंना वाकवून त्याच्या मुळाशी बारीक चिरा दिसतात का ते पहा. कडेचा जोड बोटांनी ताणून बघा. रबर कडक झालंय, चिकट लागतंय, रंग पांढुरका पडलाय, यातलं एक जरी असेल तरी ती गेली. बूच काढून त्याचा वॉशर बघा. चपटा झालेला किंवा चिरलेला असेल तर पाणी तिथूनच झिरपतं. मग गार पाणी भरून, बूच लावून, मोरीत उलटी धरून हलकेच दाबा. ही परीक्षा नेहमी गार पाण्यानेच करायची. दुसऱ्या पिशवीचं बूच हिला बसवू नका, आटे जुळल्यासारखे वाटले तरी जुळतीलच असं नाही. आणि सायकलच्या दुकानातून पंक्चर काढून आणलेली पिशवी मी स्वतः पाहिली आहे. हात जोडून सांगते, तसं करू नका.

आता भरण्याबद्दल. उकळतं पाणी कधीच थेट ओतायचं नाही. त्याने रबर लवकर मरतं, आणि फुटली तर जखम खोल होते. मी पातेल्यात निम्मं उकळलेलं आणि निम्मं नळाचं पाणी घेते. आपल्याकडच्या थंडीत ते साठ अंशांच्या आसपास येतं. हेही काही कोमट नाही. साठ अंशांचं पाणी उघड्या कातडीवर काही सेकंदांतच खोल भाजतं. पिशवी ओट्यावर आडवी ठेवा, तोंड हाताने थोडं वर धरा आणि हळूहळू ओता. उभी धरून भरताना आतली हवा उसळून पाणी मनगटावर येतं. दोन तृतीयांशपर्यंतच भरा. मग पोट हलकेच दाबून पाणी तोंडाशी येईपर्यंत हवा काढा आणि बूच घट्ट फिरवा. बाहेरचं पाणी पुसा, खोळीत घाला. खोळ नसेल तर जुन्या पंच्यात गुंडाळा. त्यानंतर तिच्यावर बसायचं नाही, पाठ टेकायची नाही, कमरेखाली घालायची नाही. पिशवी अंगावर ठेवायची असते, अंग पिशवीवर नाही.

आपल्या घरांतली एक सवय मात्र मला फार काळजीची वाटते. गुडघ्याला तेल चोळायचं आणि वर लगेच पिशवी ठेवायची. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि सडतं. मावशीच्या पिशवीचा एक कोपरा असाच चिकट झाला होता, त्याला तिच्या वातनाशक तेलाचा वास अजून येत होता. तेल लावायचंच असेल तर ते पुसून, मध्ये जाड टॉवेल घालून शेका. आणि वेदनाशामक बाम लावलेल्या जागी तर शेक नकोच. बाम आणि उष्णता एकत्र आली की कातडी भाजते, फोड येतात. दोन्हींपैकी एक काहीतरी करा.

शेकायचं ते वीस मिनिटं. दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून कातडी बघायची. रोज त्याच जागी शेकणाऱ्यांच्या पोटावर किंवा कमरेवर तपकिरी-लालसर जाळी उमटते, पाळीच्या दिवसांत तासन्‌तास पिशवी घेऊन बसणाऱ्या मुलींच्यात मी ती पाहिली आहे. ती दिसली की शेक बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा, दुखण्याचं मूळही शोधायला हवं.

मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाशी पिशवी देऊ नका. हे मी जितक्या कळकळीने सांगू शकते तितक्या कळकळीने सांगते. मधुमेहात पायांची संवेदना कमी होते, आणि चटका बसतोय हे त्या माणसाला कळतच नाही. वॉर्डात एक द्राक्षबागायतदार काका होते, रात्रभर पायाशी पिशवी घेऊन झोपले. सकाळी सुनेने मोजा काढला तेव्हा टाचेचा फोड मोज्याला चिकटून आला. "दुखलं नाही का हो?" विचारलं तर म्हणाले, "छान ऊब वाटत होती, सिस्टर." चव्वेचाळीस अंश म्हणजे हाताला नुसतं गरम लागणारं तापमान, पण तेही तासन्‌तास एका जागी राहिलं तर कातडी भाजते. अर्धांगवायू झालेले, झोपेच्या गोळ्या घेणारे, आणि तान्ही बाळं यांनाही हेच लागू. त्यांच्यासाठी अंथरूण आधी पिशवीने गरम करा, आणि माणूस आत शिरण्याआधी पिशवी काढून घ्या. पायांना लोकरीचे मोजे पुरतात.

विजेवर गरम होणारी जेलची पिशवी असेल तर ती गरम होत असताना अंथरुणात किंवा मांडीवर ठेवू नका. प्लग काढूनच हात लावा. फुगली किंवा ओलसर वाटली की वापर थांबवा.

भाजलंच तर वाहतं गार पाणी, पूर्ण वीस मिनिटं. नळाला पाणी नसेल तर बादली आणि तांब्या. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. बांगड्या आणि अंगठ्या सूज येण्याआधी काढा, ओले कपडे उतरवा, कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढू नका. मग स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना. लहान मूल, म्हातारं माणूस, मधुमेही, किंवा चेहरा, हात, जांघ असं काही असेल तर जखम लहान दिसली तरी थांबायचं नाही.

थंडी संपली की पिशवी रिकामी करून, बूच काढून, उलटी टांगून आतून पूर्ण वाळवा. मग न दुमडता, उन्हापासून लांब, वर काही न ठेवता ठेवा. मी कपाटाच्या आतल्या खिळ्याला अडकवते.

जुनी पिशवी कुणाला देऊ नका. मावशीकडे अजून एक होती, त्याहून जुनी, आणि ती भांडी घासायला येणाऱ्या बाईंना द्यायची ठरली होती. ती मी कात्रीने गळ्यापाशी कापली आणि बाईंना दुकानातून नवी आणून दिली, फूल बघून. मावशीच्या नव्या पिशवीच्या खोळीत तिच्या नातवाने निळ्या पेनाने महिना आणि साल लिहिलं आहे, आणि खाली 'आजीची, दुमडू नये'.