मंडळाच्या ॲम्ब्युलन्सचा इतिहास लिहायचाय? आधी वह्या वाचवा

रजतमहोत्सव जवळ आला की मंडळं स्मरणिका काढतात. सुरुवातीला शुभसंदेश, मधे जाहिराती, शेवटी कार्यकारिणीचे पासपोर्ट फोटो. ज्या गाडीमुळे मंडळाचं नाव पेठेबाहेर गेलं, तिच्या वाट्याला तीन ओळी येतात: मान्यवरांच्या हस्ते लोकार्पण झालं, असंख्य रुग्णांना लाभ झाला, देणगीदारांचे आभार. मी सोलापुरात सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत सिस्टर होते. या गाड्या मी दवाखान्याच्या दारातून पाहिल्या आहेत. मागचं दार उघडायचं आणि यंत्रमागावरून तसाच उठून आलेला कामगार स्ट्रेचरचं एक टोक धरून सांगायचा, "सिस्टर, अर्ध्या तासापासून घाम सुटलाय, डावा हात दुखतोय म्हणतेत." पेशंटला काय होतंय आणि कधीपासून, दोन्ही एका दमात. पुढचं काम आम्हाला सोपं व्हायचं. ही माणसं तीन ओळींत मावत नाहीत. त्यांचा इतिहास नीट लिहिता येतो आणि तो लिहायला लेखक असावं लागत नाही. कसा लिहायचा, ते सांगते.

लिहायला बसण्याआधी वह्या ताब्यात घ्या. गाडीची ट्रिपवही, म्हणजे किती वाजता कॉल आला, कुठून कुठे गेली, किलोमीटर किती, ड्रायव्हर कोण, पैसे किती, हे सगळं जिच्यात आहे ती. ती मंडळाच्या कपाटात क्वचितच असते. जुन्या ड्रायव्हरच्या घरी, खजिनदाराच्या माळ्यावर, नाहीतर गणपतीच्या आराशीच्या सामानात शोधा. दिवाळीची साफसफाई सुरू होण्याआधी शोधा, कारण तेव्हाच त्या रद्दीत जातात. मिळालेल्या वहीचे आधी मोबाइलवर फोटो काढा, दिवसाउजेडी, खिडकीजवळ, प्रत्येक पानाचे. पुठ्ठ्याचे आणि कोऱ्या पानांचेही काढा. मागच्या पुठ्ठ्यावर टायरवाल्याचा हिशेब, ऑक्सिजन सिलिंडर भरून देणाऱ्याचा नंबर, रात्रपाळीची नावं असं बरंच खरडलेलं असतं. गंजलेल्या टाचण्या काढून टाका. कसर लागली असेल तर पानं उन्हात वाळत घालू नका, सावलीत वारा द्या. लॅमिनेशन अजिबात करू नका.

मग वही वाचायला शिका. तिच्यातला किलोमीटरचा रकाना फार बोलतो. दहा-बारा किलोमीटर म्हणजे फेरी शहरातल्या शहरात झाली. ऐंशीच्या आसपास म्हणजे अक्कलकोटला जाऊन परत. पाचशेच्या पुढे आकडा गेला की समजा पेशंटला पुण्याला हलवलं. अशा फेऱ्या वेगळ्या काढून वर्षवार मांडल्यात तर आपल्या शहरात कोणते उपचार कधी मिळत नव्हते आणि कधी मिळायला लागले, याचा माग लागतो. वेळेचा रकाना घेऊन रात्री अकरा ते पहाटे पाचच्या फेऱ्या मोजा. महिन्यांप्रमाणे मांडून मे महिन्याच्या उन्हात काय होतं ते पाहा.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा रकाना पैशाचा आहे. ज्या ओळीत तिथे शून्य आहे, 'फ्री' लिहिलंय किंवा नुसती आडवी रेघ आहे, त्या ओळी मोजा. विडी वळणाऱ्या बाईकडून किंवा मागावरच्या कामगाराकडून डिझेलचे पैसेही न घेता गाडी निघाली होती, हे त्या रेघेत लिहिलेलं असतं. देणगीदारांची यादी छापायला माझी हरकत नाही. पण या रेघांचा आकडा तिच्या वर छापा.

वहीत साल नसेल किंवा सुरुवातीच्या वर्षांची वहीच हरवली असेल तर फोटोंवरून काळ ठरवता येतो. नंबरप्लेट पाहा. नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि सध्याची नंबरांची पद्धत त्या सुमाराला आली. पाटीवर 'एमएच १३' असेल तर फोटो त्यानंतरचा. गाडीची बनावटही मदत करते. मारुतीची व्हॅन बाजारात आली १९८४ मध्ये आणि ओम्नी बंद झाली २०१९ मध्ये, त्यामुळे कुणी ऐंशी सालच्या मारुती व्हॅनची गोष्ट सांगितली तर साल पुन्हा विचारा. गाडीच्या अंगावर रंगवलेला फोन नंबर सहा आकडी आहे, पुढे २ लागून सात आकडी झालाय की मोबाइलचा आहे, यावरूनही मागचापुढचा क्रम लागतो.

संस्था नोंदणीकृत असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिची फाईल असते. विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याप्रमाणे दरवर्षी हिशेब द्यावे लागतात: अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे उत्पन्न-खर्चाचं पत्रक. ज्या ताळेबंदात 'वाहन' ही ओळ पहिल्यांदा दिसते त्या वर्षी गाडी संस्थेच्या नावावर आली. त्यानंतर घसारा, डिझेल, टायर, विमा, ड्रायव्हरचं मानधन या ओळी वाचत जा. देणग्या आटल्या तेव्हा गाडी कशावर चालली, हे तिथे समजतं. बदल अर्जांवरून कोण कधी विश्वस्त झालं तेही कळतं. नकला अध्यक्ष किंवा सचिवांच्या सहीच्या अर्जावर मागा, काम सोपं होतं.

आता माणसं. यात घाई केलीत तर हाती काही लागणार नाही.

पहिली भेट अध्यक्षांची घेऊ नका. मोबाइल येण्याआधी फोन ज्या घरात किंवा दुकानात होता, त्या घरातल्या बाईला आधी भेटा. रात्री दोन वाजता फोन कोण उचलायचं? पत्ता कोण लिहून घ्यायचं? ड्रायव्हरला उठवायला कोण जायचं? बहुतेक घरांत उत्तर एकच मिळतं, 'अक्का'. तिचं नाव कुठल्याही कार्यकारिणीत नसतं, वहीतही नसतं. तिला बोलतं केल्याशिवाय इतिहास लिहिला तर तो अर्धाच राहील. तिला कॉल येतानाच्या बोलण्याबद्दल विचारा. माणसं घाबरलेली असतात, पत्त्याऐवजी नुसतं "लवकर या" म्हणतात. मग ती पत्ता कसा काढून घ्यायची, हे तिच्या शब्दांत लिहून घ्या. ते आजच्या पोरांना शिकवण्यासारखं आहे.

ड्रायव्हर अण्णांना साल विचारू नका. साल कुणाच्या लक्षात राहत नाही, प्रसंग राहतात. मी "किल्लारीच्या आधी की नंतर?" असं विचारते. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन छप्पन. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, मिरवणुकीची पोरं नुकती आडवी झाली होती, तेवढ्यात भांडी वाजली. आपल्या भागात त्या वयाचा कुणीही माणूस ती पहाट विसरलेला नाही. जखमी सोलापूरलाही आणले होते, त्यामुळे तुमच्या गाडीची त्या आठवड्याची पानं असतील तर ती सगळ्यात आधी पाहा. त्यानंतरच्या खुणा म्हणजे २००४ ला सोलापूरचं विद्यापीठ झालं ते साल, २०१४ ची १०८ ही सरकारी ॲम्ब्युलन्स सेवा आणि २०२० चा कोरोना. एवढ्या खुणांमधे माणूस आपल्या आठवणी बरोबर ओवतो.

पूर्व भागातल्या अण्णांना तेलुगूतच बोलू द्या. कुणाची कानडी असेल, कुणाची दखनी. तुम्हाला येत नसेल तर त्यांच्या नातवाला जवळ बसवा. मराठीत ते तुम्हाला बातमी सांगतील, आपल्या भाषेत मात्र भांडण, भीती, शिवी सगळं येईल. शक्य असेल तर त्यांना रिक्षात बसवून जुन्या रस्त्याने घेऊन जा. कन्ना चौकातून सिव्हिलपर्यंत कोणत्या बोळातून गाडी काढायची, कुठे गटारावर फरशी नव्हती, कुठला दुकानदार भोंगा ऐकून बाहेर लावलेला माल आत ओढायचा, हे घरात बसून आठवत नाही. गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचं, आवर्जून विचारा. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला निघाले की शहराचा मधला भाग बंद होतो. तेव्हा बाळंतीण कशी पोचवली? गर्दीने वाट कशी दिली? कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांच्या वाटेवर गाडी उभी करायचे का, पायाला फोड आलेल्यांचं काय करायचे, तेही विचारा.

स्ट्रेचर उचलणाऱ्यांना शिकवलं कुणी, हाही एक प्रश्न ठेवा. एखाद्याच्या पेटीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र निघतं, एखादा वॉर्डबॉयकडून पाहून शिकलेला असतो. दोन्ही लिहा. गाडीचं वर्णन मात्र प्रामाणिक असू द्या. नियमांत ॲम्ब्युलन्सचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार आहेत: पहिली मदत पोचवणारी, पेशंटची ने-आण करणारी, प्राथमिक जीवरक्षक आणि प्रगत जीवरक्षक. मंडळांच्या बहुतेक गाड्या ने-आण करणाऱ्या. खाट आणि एक सिलिंडर असलेल्या गाडीला 'कार्डिॲक ॲम्ब्युलन्स' छापू नका. तिने जे केलं तेच पुरेसं मोठं आहे. शववाहिकेच्या फेऱ्याही वेगळ्या मोजा. त्या मिसळल्या की सगळे आकडे खोटे पडतात.

पार्श्वभूमीचं पान लिहायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही. द्वारकानाथ कोटणीस इथलेच, १९१० सालचा जन्म. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, तेव्हा सुभाषबाबूंच्या हाकेवर लोकांकडून वर्गणी गोळा झाली आणि पथकासोबत एक ॲम्ब्युलन्सही गेली. पाचांपैकी कोटणीस तेवढे परत आले नाहीत, ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले. लोकांच्या वर्गणीतली ॲम्ब्युलन्स आणि आपणहून गेलेला माणूस, ही ओळ आपल्या शहराच्या घरातली आहे. तिथून थेट आपल्या मंडळावर या.

परदेशातलं एक उदाहरण मात्र जरूर द्या. अमेरिकेत पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या गरीब, काळ्या लोकांच्या वस्तीत १९६७ मध्ये फ्रीडम हाऊस ही ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. त्याआधी तिथे पेशंटला पोलिसांच्या गाडीतून नेत. डॉ. पीटर साफर यांनी वस्तीतल्याच बेकार तरुणांना महिनोन् महिने शिकवलं आणि ही पोरं रस्त्यावर असे उपचार करू लागली, जे तोवर दवाखान्याच्या आतच होत. १९७५ मध्ये महापालिकेने स्वतःची सेवा काढली, फ्रीडम हाऊस बंद पडली आणि त्या पोरांचं काम कित्येक वर्षं लोकांच्या लक्षातही राहिलं नाही. पुढे त्यांच्यापैकीच काहींनी आठवणी सांगितल्या म्हणून ते आज ठाऊक आहे. आपल्याकडेही १०८ आली. सुरुवातीला राज्यभर ९३७ गाड्या, त्यात २३३ प्रगत, सोबत डॉक्टर. फार चांगलं झालं. पण तिच्याआधी पहाटे तीनला कोण यायचं, हे लिहून ठेवलं नाही तर पुढच्या पिढीला वाटेल की कुणीच येत नव्हतं. तुमच्या वहीत २०१४ च्या आधीचं आणि नंतरचं एक-एक वर्ष समोरासमोर ठेवा. तातडीचे कॉल घटले का? डायलिसिसला नेणं, डिस्चार्ज झालेल्याला गावी सोडणं वाढलं का? गाडीचं काम कसं बदललं, हे वहीच सांगेल.

पेशंटचं नाव छापायचं नाही, यात सूट नाही. विष घेतलेली मुलगी, जळालेली सून, पोलिसकेस, गर्भपात, दारू, हे सगळं ट्रिपवहीत नावानिशी असतं आणि ती माणसं किंवा त्यांची लेकरं याच पेठेत राहतात. गल्ली, वय आणि तारीख एकत्र आली तरी माणूस ओळखू येतो, म्हणून त्यातल्या दोन गोष्टी गाळा. कुणी स्वतःहून आपली गोष्ट सांगितली, लिहिलेला मजकूर त्यांना वाचून दाखवला आणि त्यांनी हो म्हटलं, तरच नाव घ्या. वहीची पानं फोटो म्हणून छापताना नावांवर कागदाची पट्टी ठेवून फोटो घ्या.

आणि भांडणं गाळू नका. गाडी गॅरेजला पडून होती, ड्रायव्हरचं मानधन थकलं, निवडणुकीत गाडी कुणाच्या प्रचाराला फिरवायची यावरून दोन गट पडले, मग एकाने आपल्या खिशातून विमा भरला आणि गाडी पुन्हा निघाली. लोकांच्या पैशावर चाललेल्या प्रत्येक कामात असे दिवस येतात. नवीन मंडळ गाडी घ्यायला निघेल तेव्हा त्यांना लोकार्पणाच्या फोटोपेक्षा या पानांचा उपयोग जास्त.

लिहिताना सुरुवात स्थापनेपासून करू नका. वहीतली एक रात्र निवडा, तिच्या सगळ्या नोंदी क्रमाने सांगा, मग मागे जा. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या वहीतून आला ते कंसात टाका. बत्तीस पानं पुरतात. शुभसंदेश छापावेच लागत असतील तर शेवटी. एक प्रत हिराचंद नेमचंद वाचनालयात द्या, एक जवळच्या शाळेत, एक अक्कांच्या घरी. मूळ वह्या कापडात बांधून एकाच माणसाच्या जबाबदारीवर ठेवा आणि तसा ठराव मंडळाच्या सभेत लिहून घ्या.

सध्याच्या ट्रिपवहीत याच महिन्यापासून चार वेळा वेगवेगळ्या लिहायला लावा: फोन आला ती, गाडी हलली ती, पेशंटपाशी पोचली ती आणि दवाखान्यात पेशंट ताब्यात दिला ती. पाचवा रकाना स्ट्रेचर उचलणाऱ्यांच्या नावांचा. ड्रायव्हर दमून आलेला असतो, म्हणून वही गाडीतच ठेवा आणि पेन सुतळीने तिला बांधा.